सहाशेचं माप सहाशे सहा भरलं तेव्हा

शिरवळच्या कंपनीत आमचं कास्टिंग, पंपाची ओतीव बैठक, फिक्श्चरमध्ये उतरेना. फिक्श्चर म्हणजे माल तपासायची लोखंडी चौकट. माल बरोबर असला की आरामात आत बसतो. आमचा एका बाजूनं बसला आणि दुसऱ्या बाजूनं चौकटीवर चढून राहिला. तपासणीचे जाधव साहेब खाली वाकले, पट्टी लावली आणि उठून माझ्याकडं बघितलं.

"आबा, सहाशेचं माप सहाशे सहा भरतंय."

मी म्हणालो, "परत मोजा."

त्यांनी परत मोजलं. सहाशे सहाच.

माझ्या शेजारी फौंड्रीवाले अण्णा उभे होते. पलूसला त्यांची ओतकामाची भट्टी आहे आणि तिथंच जवळ माझं पॅटर्नचं दुकान. आम्ही दोघं त्यांच्याच जीपनं पहाटे निघून खंबाटकीचा घाट उतरून आलो होतो. अण्णा म्हणाले, "साहेब, सहा मिलिमीटर घासून टाकू. हाय काय त्यात."

"घासून लांबी कमी होईल अण्णा. मधल्या फासळ्या सरकल्यात त्यांचं काय करणार?"

बेचाळीस वर्षं मी पॅटर्न करतोय. अर्धा मिलिमीटर इकडंतिकडं झाला तर मला रात्री जेवण जात नाही. सहा म्हणजे पेन्सिलीएवढी जाडी.

पॅटर्न म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बिडाची वस्तू ओतायची तर आधी तिच्यासारखी लाकडाची वस्तू करावी लागते. तो पॅटर्न. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा. वाळूत पोकळी राहते. तिच्यात बिडाचा रस ओतायचा. पण बीड थंड होताना आकसतं, शंभराला एक. म्हणून लाकूड मुद्दाम शंभराला एक मोठं करायचं. सहाशेची वस्तू पाहिजे तर लाकूड सहाशे सहाचं. इथं वस्तूच सहाशे सहाची आली होती. म्हणजे लाकूड सहाशे बाराचं झालं असणार. कुठंतरी एक टक्का दोनदा धरला गेला होता.

जाधव साहेबांनी तेवढ्यात विचारलंच, "पॅटर्न कशावर काढला? तुमच्या सूनबाईंच्या त्या फ्री सॉफ्टवेअरवर ना?"

"व्हय," मी म्हणालो.

"मी तेव्हाच म्हणालो होतो." ते खुर्चीत बसले आणि कागद पुढं ओढला. "हे बघा आबा. सोमवारपर्यंत वेळ देतो. काय चुकलं ते शोधून सांगा. नाहीतर कारणाच्या रकान्यात मी सॉफ्टवेअर लिहिणार. एकदा ते लिहिलं की विकतचं, बिलासकट सॉफ्टवेअर असल्याशिवाय तुम्हाला आमचं काम मिळणार नाही. पुढचे तीन पॅटर्नसुद्धा थांबतील."

त्या फ्री सॉफ्टवेअरची गोष्ट अशी.

विद्या माझी सून. डिप्लोमा झालेली. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं, बँकेत-बिंकेत जाईल. ती दुकानात आली आणि म्हणाली, "मामा, हे सगळं कॉम्प्युटरवर काढता येतं." मी म्हणालो, काढ. माझी शाळा चौथीत सुटली. मला आकडे वाचता येतात आणि लाकूड वाचता येतं, बाकीचं तिनं बघावं. मग एक छोटा सीएनसी राउटर घेतला. हा कॉम्प्युटरच्या हुकमानं लाकूड कोरतो. त्याचं टेबल दीड फुटाचं. लहान भाग तो कोरायचा, मोठे भाग मी हातानं करायचो.

सॉफ्टवेअर पहिल्यांदा एका ओळखीच्या पोरानं पेनड्राइव्हवरनं घालून दिलं होतं. नामांकित कंपनीचं होतं, पण कुलूप तोडलेलं. विद्यालाही ते आवडलं नव्हतं, पण सगळेच तसं वापरतात म्हणाली. मग शिरवळच्या कंपनीचा कागद आला, तुमच्याकडची सॉफ्टवेअर रीतसर घेतलेली आहेत असं लिहून द्या. विद्यानं मला वाचून दाखवला.

मी विचारलं, "म्हंजी आपलं चोरीचं हाय?"

"चोरीचंच म्हणायचं."

"काढ ते आत्ताच्या आत्ता. माझ्या दुकानात चोरीची पटाशी न्हाई आणि हे कुठनं आलं?"

"मामा, मग काम कशावर करू? विकतचं आपल्याला झेपणारं न्हाई. दरवर्षी पैसे भरावे लागतात."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. भरलं न्हाई की बंद."

हे मला अजून पटलेलं नाही. रंधा मी एकदा विकत घेतला की तो माझा. माझ्या बापाचा रंधा अजून चालतो. पण ते असो. विद्या महिनाभर शोधत बसली आणि तिनं ओपन सोर्स म्हणतात तसलं एक शोधून काढलं. म्हणजे ते बनवणाऱ्यांनी आतलं सगळं उघडं ठेवलेलं असतं. कुणीही घ्या, कुणीही बघा, चुकलं तर दुरुस्त करा. पैसे नाहीत. मला शंका आली. ज्याला चार पैसे मिळत नाहीत तो रात्रंदिवस घासून काम कशाला करेल? मी तसं बोलूनही दाखवलं. विद्या हसली, म्हणाली, "तुमी न्हाई का, गावच्या शाळेचा दरवाजा फुकट करून दिला?" मी म्हणालो, ती गोष्ट वेगळी. ती कशी वेगळी ते मात्र सांगता आलं नाही.

तीन महिने ती त्यावर शिकली. मधेच ते बंद पडायचं, ती परत चालू करायची. कंपनीची फाईल त्यात तशीच उघडायची नाही, दुसऱ्या प्रकारात मागवून घ्यावी लागायची. तेव्हा जाधव साहेब कुरकुरायचे. पण सात-आठ लहान पॅटर्न त्यावर निघाले आणि सगळे पास झाले. ही पंपाची बैठक पहिलं मोठं काम होतं.

शिरवळहून परत येताना अण्णा जीपमध्ये बोलायला लागले. कराड येईपर्यंत थांबले नाहीत.

"आबा, मी सांगतो. फुकटचं ते डेमोसारखं असतंय. लहान मापं बरोबर देतं, मोठी आली की गडबडतं. तुमी बघा की, त्या बैठकीतली लहान लहान भोकं, उंचवटे सगळे बरोबर आलेत. लांबी तेवढी चुकली."

हे खरं होतं. राउटरनं कोरलेले लहान भाग अगदी काट्यावर होते. लांबी आणि रुंदी चुकली होती.

"अण्णा, तुमचं बीड बरोबर होतं का?" मी विचारलं.

"माझं बीड?" अण्णांनी जीप जवळजवळ थांबवली. "तीन पिढ्या ओततोय आमी. माझ्या बिडाला नावं ठेवू नका गड्या."

"ठेवत न्हाई. विचारतोय."

"तुमचं माप बरोबर होतं का मग?"

"माझं माप?" मी म्हणालो. "विद्यानं मापांची शीट काढून दिली, तिच्यावर सहाशे सहा होतं. मी सहाशे सहा आखलं. करून झाल्यावर परत मोजलं, सहाशे सहा. तुमच्याकडं पॅटर्न पाठवला तवा तिसऱ्यांदा मोजलं."

"मग झालं की," अण्णा म्हणाले. "बीड माझं, माप तुमचं. राहिलं काय? सॉफ्टवेअर."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर लय बरं वाटलं.

घरी आल्यावर विद्याला सगळं सांगितलं. तिचं तोंड उतरलं. पण ती रडली-बिडली नाही. कॉम्प्युटर उघडला आणि आकडे बघत बसली. स्क्रीनवर सहाशे सहाच होतं. शीटवर सहाशे सहाच होतं.

"मामा, हे तर बरोबर दिसतंय."

"दिसायला बरोबर. आत काय करतंय कुणाला ठाऊक."

"आत काय करतंय तेच तर ह्यात बघता येतं," ती म्हणाली. तरी तिला धीर नव्हता, हे मला कळत होतं. दुकानातलं कॉम्प्युटरचं काम तिच्या जिवावर उभं होतं. सोमवारी तो रकाना भरला गेला असता तर तिनं शिकलेलं सगळं पाण्यात.

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीला गेलो. तिथं विकतच्या सॉफ्टवेअरचा एक डीलर आहे. मीच म्हणालो, बघू तरी. डीलरच्या माणसानं चहा मागवला, मोठ्या स्क्रीनवर आमची बैठक काढून दाखवली. हात लावील तिथं रंग, सावल्या, वस्तू गरगर फिरवून दाखवायचा. देखणं होतं, त्यात शंका नाही. आणि विद्याला जे करायला अर्धा तास लागायचा ते त्यानं पाच मिनिटांत केलं. हेही खरं.

मी म्हणालो, "आता बिडासाठी वाढवून दाखवा."

त्यानं वाढवलं. सहाशे सहा.

विद्यानं तिचा लॅपटॉप शेजारी ठेवला. सहाशे सहा. मग रुंदी, मग उंची. एकेक आकडा दोघांचा सारखा.

"बघा आजोबा, किती ॲक्युरेट," तो पोरगा म्हणाला.

"आमचंबी तेच म्हणतंय," विद्या हळूच म्हणाली.

"मॅडम, पण फ्रीला सपोर्ट नसतो. अडलं तर कुणाला विचारणार?"

विद्यानं लॅपटॉप मिटला. पण परत येताना एसटीत तिला ते लागलं असावं. ती म्हणाली, ह्या सॉफ्टवेअरवाल्यांची इंटरनेटवर एक जागा आहे, तिथं जगातले लोक एकमेकांना अडचणी विचारतात. तिनं संध्याकाळी तिथं आपली फाईल टाकली आणि लिहिलं, ओतलेली वस्तू एक टक्का मोठी येते, माझं काय चुकलं?

सकाळी मी दुकानात लाकूड निवडत होतो. विद्या मोबाईल घेऊन आली.

"मामा, उत्तर आलं."

"कुणाचं?"

"कुठल्या तरी लांबच्या देशातला हाय. म्हणतो, मी फाईल पूर्ण उघडून तपासली. वाढवलंय ते एकदाच वाढवलंय. त्यानं वेगळं गणित करूनबी दिलंय. आणि विचारतोय..." ती थांबली.

"काय विचारतोय?"

"लाकडावर माप कशानं घेतलं, असं विचारतोय."

माझं डोकं फिरलं. "तो कोण मला इचारणारा? त्याच्या जन्माच्या आधीपासनं मी पॅटर्न करतोय. कशानं म्हंजी? पट्टीनं. आणखी कशानं घेत्यात माप?" असं म्हणत मी खिळ्यावरची पट्टी काढली, तिला दाखवायला. पट्टी हातात आली आणि माझं बोलणं थांबलं.

आता पट्टीचं सांगतो. पॅटर्नवाल्याची पट्टी साधी नसते. तिला श्रिंकेज पट्टी म्हणतात. ती मुळातच शंभराला एक मोठी आखलेली असते. तिच्यावर सहाशे लिहिलेलं असतं तिथं खरं माप सहाशे सहा असतं. म्हणजे ड्रॉइंगवर सहाशे असलं की आपण सहाशेच आखायचं, गणित करायचं नाही, बिडाचं आकसणं पट्टीनं आधीच धरलेलं. न शिकलेल्या माणसाला ह्याच्यासारखं सोपं काही नाही. आणि पॅटर्नच्या दुकानात साधी पट्टी ठेवायचीच नाही, हा माझ्या उस्तादाचा नियम. दोन पट्ट्या एका दुकानात असल्या की कधीतरी हात चुकतो, असं ते म्हणायचे. एका नव्या कामगारानं कापडाच्या दुकानातली पट्टी आणली होती, ती उस्तादानं त्याच्यासमोर मोडली. तो नियम मी बेचाळीस वर्षं पाळला. विद्याच्या टेबलावर व्हर्निअर आहे, टेप आहे, पण ते तिच्या खोलीत. कामाच्या जागी एकच पट्टी.

आजपर्यंत हातानं करायच्या भागांचे आकडे ड्रॉइंगवरनं यायचे, साधे. वाढ पट्टीच धरायची. ह्यावेळी आकडे कॉम्प्युटरनं आधीच वाढवून दिले होते. सहाशे सहा. मी ते सहाशे सहा वाढीव पट्टीनं आखले. खरे झाले सहाशे बारा. मग त्याच पट्टीनं तीनदा मोजले आणि तीनदा सहाशे सहाच भरले. भरणारच. लहान भाग राउटरनं कोरले, त्यांना माझी पट्टी लागलीच नाही, म्हणून ते बरोबर.

विद्याच्या शीटवर खाली इंग्रजीत एक ओळ होती, वाढ धरलेली आहे म्हणून. मी आकडे वाचतो, ओळी वाचत नाही.

विद्याला माझ्या आधी कळलं होतं का, मी विचारलं नाही. ती आत जाऊन चहा घेऊन आली. दोघं ओट्यावर बसलो.

थोड्या वेळानं म्हणाली, "मामा, सोमवारी मी येते शिरवळला. सेटिंग माझ्याकडनं चुकलं होतं म्हणून सांगते. आता दुरुस्त केलंय म्हणायचं. तुमचं नाव नको."

"का?"

"बेचाळीस वर्षांचं नाव हाय."

मी चहा पिऊन टाकला. खोटं सांगत नाही, मला ते बरं वाटलं होतं. सगळं कसं नीट बसत होतं. सॉफ्टवेअर फुकटचं. त्याचा मालक नाही, दुकान नाही, वकील नाही. त्याला नाव ठेवलं तर भांडायला कोण येणार आहे? अण्णा तर आधीच सगळ्या एमआयडीसीत सांगत सुटले होते. मी नुसतं गप्प बसलो असतो तरी भागलं असतं. पण मग तो रकाना भरला असता आणि त्यात सॉफ्टवेअरच्या नावाखाली माझी सून गेली असती. आणि विकतचं घेऊन आणलं असतं तरी पुढच्या मोठ्या कामाला परत सहा मिलिमीटर आले असते, कारण पट्टी मीच धरणार होतो.

सोमवारी मी आणि अण्णा गेलो. विद्याला येऊ दिलं नाही. जीपमध्ये अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी गिअर बदलला आणि म्हणाले, "आवं आबा, सॉफ्टवेअरवर जातंय तर जाऊ दे की. ते काय रडत बसणार हाय?"

"माझी सून बसंल," मी म्हणालो.

"मी चार जणांना सांगून बसलोय हो."

"मग परत चार जणांना सांगा."

जाधव साहेबांचा कागद टेबलावर तसाच होता. अर्धा भरलेला. मी पट्टी पिशवीतून काढून त्यावर ठेवली आणि म्हणालो, "साहेब, तुमची पट्टी हिच्या शेजारी लावा."

त्यांनी लावली. दोन्हीचं शून्य जुळवलं. त्यांच्या सहाशे सहावर माझं सहाशे आलं. शिकलेला माणूस, एका नजरेत ओळखलं.

"श्रिंकेज स्केल," ते म्हणाले. "आणि आकडे आधीच वाढवलेले होते."

"व्हय."

"म्हणजे सॉफ्टवेअर बरोबर होतं."

"सॉफ्टवेअर बरोबर, अण्णांचं बीड बरोबर. चूक माझी. रकान्यात माझं नाव लिवा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आबा, बेचाळीस वर्षांत पहिलीच चूक असेल."

"पहिली कबूल केलेली."

अण्णा पहिल्यांदा हसले. साहेबही हसले. मग म्हणाले, "मी एक सांगू? आमच्या ऑफिसात विकतचंच असणार, ते बदलणार नाही. अडलं की फोन उचलायला माणूस असतो, त्याचे ते पैसे आहेत."

"आमालाबी माणूस मिळाला," मी म्हणालो. "वळख ना पाळख. एका रात्रीत उत्तर दिलं. शहाणपणाचा प्रश्न एवढ्या सगळ्यांत त्यानं एकट्यानंच विचारला. मला राग आला होता, ती गोष्ट वेगळी."

रकान्यात साहेबांनी लिहिलं, मापन पद्धतीतली चूक. माझं नाव लिहिलं नाही. मी म्हणालो होतो लिवा म्हणून, पण त्यांनी नाही लिहिलं तर मी कशाला आग्रह धरू. सॉफ्टवेअरचं नाव कुठंच आलं नाही. तीन पॅटर्न चालू राहिले.

दुसरा पॅटर्न मी आठ दिवसांत केला. ह्यावेळी विद्या शीट घेऊन शेजारी उभी राहिली आणि मी तिला गुपचूप उभं राहू दिलं. कास्टिंग फिक्श्चरमध्ये उतरलं. साहेबांचा फोन आला, "बसलं." एवढंच.

आता आमच्या दुकानात साधी पट्टीही आहे. उस्ताद असते तर त्यांनी ती मोडली असती. मी तिला लाल रंग मारला आणि विद्याला सांगितलं, कॉम्प्युटरचे आकडे ह्या पट्टीनं, ड्रॉइंगचे त्या पट्टीनं, आणि शीटवरची ओळ ह्यापुढं मराठीत. ती म्हणाली, मोठ्या अक्षरात टाकते. मी म्हणालो, एवढं मोठं नको, माणसं येतात दुकानात.

आजूबाजूचे पॅटर्नवाले अजून विचारतात, फुकटचं घ्यावं का विकतचं. मी सांगतो, फुकटचं शिकायला वेळ लय जातो आणि विकतच्याला पैसा. दोन्हीतलं काय तुमच्याकडं जास्त आहे ते बघा. चोरीचं मात्र घेऊ नका. आणि माल बिघडला तर सॉफ्टवेअरला सगळ्यात शेवटी धरा. ते तोंड उघडत नाही म्हणून लोक त्याला आधी धरतात.

चुकलेला पॅटर्न अण्णांनी परत पाठवला. सागवान चांगलं होतं, टाकवेना. त्याच्या फळ्या सुट्या केल्या आणि विद्याच्या कॉम्प्युटरखाली ठेवायला एक बुटकं टेबल केलं. खोलीचा कोपरा अडचणीचा आहे, एक बोटही इकडंतिकडं चालणार नव्हतं. लाल पट्टीनं मोजून केलं. नीट बसलं.